शिपाई धुवायला गेला

आमच्या लुव्हेनिया मावशीचं लग्न एका दगडी शिपायापायी अडलं होतं. ऐकणाऱ्याला थट्टा वाटते. पण जिला रोज सकाळी दुकान उघडताना त्या शिपायाचं तोंड बघावं लागायचं आणि संध्याकाळी मावशीची बोलणी खावी लागायची, तिला थट्टा वाटत नाही. माझं केसांचं दुकान ड्रूरीव्हिलच्या चौकात, कोर्टाच्या बरोबर समोर. गरम कंगवा हातात धरून मान वर केली की काचेतून तो दिसायचाच, बंदूक उभी धरून, हनुवटी वर करून, कोर्टाच्या पायऱ्यांच्या तोंडाशी.

शिपाई कुठला, तर अमेरिकेच्या यादवी युद्धात गुलाम पाळायचा हक्क राहावा म्हणून लढलेल्या दक्षिणेच्या फौजेचा. लढाई हरले ती हरले, आणि वर पन्नास वर्षांनी गावातल्या बायकांनी केक विकून हा पुतळा आणला. केक काही फार खपले नसावेत, कारण चबुतरा जेमतेम छातीएवढा झाला आणि तिथेच थांबला. बाकीच्या गावांचे शिपाई उंचावरून बघतात, आमचा जवळपास तोंडासमोर यायचा. आमची काळी म्हातारी माणसं कोर्टात काम असलं की अजूनही बाजूच्या दाराने आत जातात. तिथली 'काळ्यांनी इकडून' ही पाटी काढून जमाना झाला, पण पायांची सवय जात नाही. लुव्हेनिया मावशी समोरच्या दाराने जायची नाही, बाजूच्याही नाही. कर टपालाने, गाडीचे कागद टपालाने. कोर्टात जाऊन घ्यायचा कागद एकच राहिला होता, लग्नाचा परवाना, आणि तो टपालाने मिळत नाही.

मागणी घालणारे होते टिलरीकाका. अमोस टिलरी, जन्मभर पोस्टमन, आमच्या बेथेल चर्चचे डीकन, म्हणजे पाद्रींचे मदतनीस, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. दर ईस्टरला चर्चमधून आले की ते मावशीच्या ओसरीत टोपी हातात घेऊन उभे राहायचे आणि विचारायचे, "मिस लुव्हेनिया, यंदा काय विचार आहे?"

मावशी त्यांच्यापुढे गार चहाचा पेला ठेवायची. "टिलरी, तुम्हाला माहितीये. मी लग्न करीन ते माझ्या गावच्या कोर्टासमोर, सगळ्यांदेखत. आणि तो तिथे असेपर्यंत नाही."

"शेजारच्या काउंटीत जाऊ या. अर्ध्या तासाचा रस्ता आहे."

"मी काय चोरी केलीये शेजारच्या काउंटीत पळून जायला?"

का म्हणून विचारलं तर सांगायची नाही. आम्ही म्हणायचो, हट्ट. आमच्या घराण्यातल्या बायकांना हट्टाची कमतरता कधी पडलेली नाही, मलाही नाही. पण एकोणऐंशीच्या बाईने ब्याऐंशीच्या माणसाला इतकी वर्षं तिष्ठत ठेवायचं म्हणजे मला भारी राग यायचा. त्यातून ते टिलरीकाका. असा माणूस हल्ली मिळत नाही. मावशीच्या छपराच्या पन्हळी साफ करायचे, तिच्या औषधांच्या बाटल्यांची झाकणं सैल करून ठेवायचे, आणि अंधार पडायच्या आत टोपी घालून आपल्या घरी जायचे, कारण लोक काय म्हणतील.

मग देशभर पुतळ्यांचं सुरू झालं. इथे काढला, तिथे पाडला, रोज टीव्हीवर. आमच्या काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, मंडळालाही सुनावणी घ्यावी लागली. मंडळाचे अध्यक्ष हार्लन स्पायवी, धंदा ट्रॅक्टर विकायचा, स्वभाव कुणालाही नाही न म्हणण्याचा. त्यांनी नियम केला, प्रत्येकाला तीन मिनिटं, मग घंटी. आणि आमच्याकडची रीत अशी की माणसं भांडायला जमली तरी कुणी रिकाम्या हाताने येत नाही. पुतळा हवावाल्यांनी मसालेदार अंडी आणली, नकोवाल्यांनी तळलेली कोंबडी. एकमेकांच्या पूर्वजांचा उद्धार करून झाला की सगळे एकाच टेबलाशी ताटल्या घेऊन उभे.

हवावाल्यांच्या पुढारी कॅरोली स्टबलफील्ड. नवरा होता तोवर औषधांचं दुकान चालवायच्या, आता स्मारक मंडळ चालवतात. मावशीची आणि त्यांची ओळख जुनी. ताई-बाई करून बोलायच्या, एकमेकींच्या आजारपणात केक पाठवायच्या आणि एकमेकींचा केक कोरडा झाला म्हणून मला येऊन सांगायच्या. कॅरोलीबाईंचं म्हणणं, तो पुतळा म्हणजे त्यांचे पणजोबा. कॅप्टन लिएंडर.

"अहो बाई, कॅप्टन होते तर हातात शिपायाची बंदूक कशी? आणि बूट फाटका?" मी एकदा सुनावणीत विचारलं.

"नम्र होते ते," कॅरोलीबाई म्हणाल्या.

मग टिलरीकाका उठले. आयुष्यात कधी सभेत न बोललेला माणूस, पांढरा सदरा, काळा टाय. "अध्यक्षसाहेब," ते म्हणाले, "मी इतिहासाबद्दल बोलत नाही. माझ्यापेक्षा शिकलेली माणसं इथे आहेत. मी एवढंच म्हणतो की मला लग्न करायचंय, मी ब्याऐंशीचा आहे, आणि तुम्ही पुढच्या महिन्यात परत भेटू म्हणताय. तुमच्याकडे महिने आहेत, मला जरा जपून वापरायला लागतात."

सगळे हसले. घंटी वाजवायचीसुद्धा स्पायवींना आठवण राहिली नाही. मावशी माझ्या शेजारी बसली होती. ती हसली नाही, नुसती पर्सचा बंद उघडमीट करत राहिली.

पण हसून काय होणार? राज्याचा कायदाच तसा. जुनं स्मारक हलवायचं नाही, झाकायचं नाही, बदलायचं नाही. हलवलं तर काउंटीला जबर दंड. स्पायवींना कायदा फार आवडायचा. हवावाल्यांना म्हणायचे, "कायदा तुमच्या बाजूने आहे," नकोवाल्यांना म्हणायचे, "मी तुमच्या बाजूने आहे पण कायदा आड येतोय," आणि पोटसमिती नेमायचे. पोटसमितीत कोण, तर मंडळातले तेच पाच जण. सुनावण्या चालू राहिल्या आणि आम्हा सगळ्यांची वजनं वाढली. टिलरीकाका एकही सुनावणी चुकवायचे नाहीत. पहिल्या रांगेत, टोपी मांडीवर.

आणि मग कॅरोलीबाईंनी घोटाळा केला. तो त्यांनीच करावा असा होता, दुसऱ्या कुणाला सुचलाच नसता.

एप्रिलात त्यांच्या मंडळाचा स्मृतिदिन असतो. त्या दिवशी पांढरे हातमोजे घालून शिपायाच्या पायाशी हार ठेवतात. त्या वर्षी बाहेरगावच्या मंडळांनाही बोलावणं गेलेलं. आणि शिपाई तर काळाठिक्कर पडलेला. शंभर वर्षांचा धूर, कानात शेवाळ, खांद्यावर कबुतरांचा कारभार. आमच्याकडे घरी पाहुणे यायचे म्हटलं की माणूस आधी पायऱ्या घासतो, मग देवाचं नाव घेतो. कॅरोलीबाई मार्चच्या सुनावणीत तावातावाने उभ्या राहिल्या.

"लाज वाटायला हवी या काउंटीला. माझ्या पणजोबांच्या नाकाखाली शेवाळ आहे. कुणाच्याही घरात आजोबांना असं ठेवतात का? मी मागणी करते की त्यांना सन्मानाने खाली उतरवा, चांगल्या कारागिराकडे न्या, आणि त्यांची नीट, संपूर्ण स्वच्छता करा. कायद्यात स्वच्छतेला मनाई नाही. मी स्वतः वाचलाय."

स्पायवींचा चेहरा मला अजून आठवतो. इतकी वर्षं एक माणूस दोन खुर्च्यांच्या मध्ये बसला होता, आणि आत्ता कुणीतरी त्याला तिसरी खुर्ची आणून दिली.

"खाली उतरवून?" त्यांनी हळूच विचारलं.

"अर्थात. चौकात का आंघोळ घालणार?"

"आणि संपूर्ण स्वच्छता?"

"कानामागेसुद्धा."

मतं घेतली. पाचच्या पाच हात वर. आमच्या मंडळात आजवर नाताळच्या दिव्यांवरसुद्धा एकमत झालेलं नव्हतं. हवावाल्यांनी टाळ्या वाजवल्या, कारण पणजोबा चकाचक होणार. नकोवाल्यांनी टाळ्या वाजवल्या, कारण ठरावात 'उतरवा' होतं, 'न्या' होतं, 'धुवा' होतं, आणि 'परत आणा' कुठेच नव्हतं. कॅरोलीबाई हसऱ्या तोंडाने दोन्हीकडे मान हलवत होत्या. मला त्यांची जरा दया आली, आणि मग मी आणखी एक कोंबडीची तंगडी घेतली.

उतरवायच्या दिवशी अख्खा गाव घडीच्या खुर्च्या घेऊन चौकात. कॅरोलीबाई क्रेनवाल्याच्या डोक्यावर उभ्या. "मानेला धरू नका त्यांच्या. गोधडी घाला. अहो, थंडी वाजायला नको म्हणून नाही, ओरखडे पडतील म्हणून." शिपाई निळ्या गोधडीत गुंडाळून ट्रकवर आडवा झाला आणि काउंटीच्या यंत्रांच्या शेडकडे गेला. टिलरीकाकांनी तो वळणावर दिसेनासा होईपर्यंत टोपी हातात धरली होती. आदराने नव्हे, घाम आला होता. तिथून ते थेट माझ्या दुकानात आले, आरशात टाय सारखा केला आणि म्हणाले, "वर्नेटा, चल गं माझ्याबरोबर. मला एकट्याने जायला धीर होत नाही."

आम्ही मावशीच्या ओसरीवर गेलो. ईस्टर नव्हता तरी त्यांनी विचारलं. "मिस लुव्हेनिया, तो गेला."

"कुठे गेला?"

"धुवायला."

मावशीने चहाचा पेला ठेवला. "टिलरी, धुवायला दिलेली वस्तू परत येते. मी माझं लग्न त्याच्या आंघोळीच्या वेळेत उरकून घेऊ काय?"

काका चहा प्यायले, पेला विसळून ठेवला आणि गेले. मी मावशीवर तेव्हाच ओरडणार होते, पण तिने मला भेंडी चिरायला बसवलं.

एप्रिलातला स्मृतिदिन रिकाम्या चबुतऱ्यासमोर झाला. पांढऱ्या हातमोज्यांच्या बायका हार घेऊन आल्या आणि कुणाच्या पायाशी ठेवावा ते न कळून एकमेकींकडे बघत राहिल्या. मेमध्ये कॅरोलीबाईंनी सुनावणीत विचारलं, पणजोबा कुठे आहेत.

"वाळतायत," स्पायवी म्हणाले.

"दोन महिने?"

"दगड आहे बाई. आत पाणी मुरतं. कारागीर म्हणतो ओलसर ठेवून उभा केला तर थंडीत तडकेल. तुमचे पणजोबा आहेत, मी धोका पत्करणार नाही."

तेव्हा कुठे कॅरोलीबाईंच्या डोक्यात प्रकाश पडला. त्या लाल झाल्या, मग पांढऱ्या. आणि पुढच्या सुनावणीपासून सगळंच उलटं झालं. आता पुतळ्याच्या स्वच्छतेविरुद्ध बोलायच्या कॅरोलीबाई, आणि स्वच्छतेची बाजू घ्यायचे टिलरीकाका.

"झाली तेवढी पुरे," कॅरोलीबाई म्हणायच्या. "इतकं घासलं तर चेहरा राहणार नाही."

काका शांतपणे उठायचे. "अध्यक्षसाहेब, मी स्टबलफील्डबाईंच्या पणजोबांच्या वतीने बोलतोय. कानामागचं झालं का? ठरावात नाही, पण बाईंच्या भाषणात कानामागे होतं. मी स्वतः ऐकलंय. बगलेतलं बघितलं का? चाळीस वर्षं पोस्टाची पिशवी वाहिलेल्या माणसाला विचारा, बगलेत किती साचतं ते."

"त्यांचा हात खाली आहे," कॅरोलीबाई ओरडल्या.

"म्हणूनच साचतं," काका म्हणाले आणि बसले.

स्पायवींनी बगलेसाठी पोटसमिती नेमली. गाव हसून हसून दमला. उन्हाळा असाच गेला आणि त्यानंतरचा हिवाळाही. सगळे हसत होते पण मी काकांकडे बघत होते. गुडघा वाकायचा थांबला होता, पहिल्या रांगेतून उठायला दोन जणांचे हात लागायचे. बोलून झालं की ते मावशीकडे बघायचे, आणि मावशी पर्सकडे.

मग ईस्टर आला. चर्च सुटलं. मी मावशीच्या ओसरीवर बसले होते, कोंबडी भाजत होती, चहाचे तीन पेले भरून ठेवलेले. काका आले नाहीत. पेल्यातला बर्फ वितळला. मावशी तीनदा आत जाऊन आली. चौथ्यांदा जाताना म्हणाली, "रस्त्यात कुणी भेटलं असेल."

मी गाडी काढून त्यांच्या घरी गेले. काका स्वयंपाकघरात टेबलाशी बसले होते, कोट घातलेला, टोपी समोर.

"काका, बरं नाही का?"

"बरा आहे. तयार झालो, दारापर्यंत गेलो. मग वाटलं, यंदा नको विचारू या." त्यांनी टोपीची कड चाचपली. "तिला नाही म्हणायला दरवर्षी त्रास होतो गं. मला दिसतं ते. मी आपला माझाच विचार करत आलो. आता मी तिची झाकणं सैल करीन, पन्हळी पोरांकडून साफ करून घेईन. विचारणार नाही."

मला रडू येईल असं वाटलं आणि मला रडू येणार असलं की मी चिडते. तशीच मावशीच्या घरी परत आले आणि ओसरीच्या पायरीवरूनच सुरू झाले.

"तुला लग्न करायचं नाही तर तसं तोंडाने सांग. एका दगडाच्या आडून का बोलतेस? तो माणूस कोट घालून स्वयंपाकघरात बसलाय. त्याचं वय काय, तुझं वय काय. शिपाई परत येईल की न येईल याची वाट बघत तुम्ही दोघं कबरस्तानात शेजारी शेजारी जाणार, आणि तिथे कुणी परवाना मागत नाही. तेच हवंय का तुला? बाई, तुझा मला इतका राग आलाय की तुझी कोंबडीसुद्धा मी खाणार नाही."

मावशी ऐकून घेत होती. एवढं बोलणं तिने माझ्याकडून कधी ऐकून घेतलं नव्हतं. मग ती आत गेली, पर्स घेऊन आली आणि म्हणाली, "मला चौकात ने."

ईस्टरच्या दुपारी चौकात कुत्रंही नव्हतं. मावशी गाडीतून उतरली आणि चबुतऱ्यापाशी जाऊन उभी राहिली. इतक्या जवळ ती कधी गेलेली मी पाहिली नव्हती. तिने दगडावर तळहात ठेवला. मग त्याच्या भोवती एक फेरी मारली.

"वर्नेटा, हा रिकामा आहे ना सध्या?"

"दिसतोय की."

"तो यायचा तेव्हा येऊ दे. सध्या जागा रिकामी आहे." तिने दगडाची उंची आपल्या छातीशी लावून बघितली. "चर्चमध्ये नाताळचा तारा टांगायची शिडी आहे, ती आण शुक्रवारी. आणि टिलरींना सांग, कोट काढू नका."

"तू काय करणार आहेस?"

"लग्न. इथे वर."

मी म्हटलं बाई वेडी झाली. पण चर्चमध्ये बातमी गेली तशी शिडीही निघाली, केकही भाजले गेले, आणि पाद्री म्हणाले की जमिनीपासून किती उंचीवर लग्न लावावं याबद्दल शास्त्रात काही लिहिलेलं नाही. मावशीने कॅरोलीबाईंना रीतसर आमंत्रण केलं. आमच्याकडे आमंत्रण आल्यावर लग्नाला न जाणं म्हणजे मोठा अपराध, आणि कॅरोलीबाईंनी आयुष्यात तसला अपराध केलेला नाही. त्या हॅट घालून आल्या, आपली घडीची खुर्ची घेऊन, आणि शेवटच्या रांगेच्याही मागे बसल्या.

शुक्रवारी सकाळी मावशी आणि काका समोरच्या दाराने कोर्टात गेले. परवाना घेऊन बाहेर आले तेव्हा स्पायवी पायऱ्यांवर घाम पुसत उभे.

"मिस लुव्हेनिया, मला हे ठीक दिसत नाही. ते स्मारक आहे."

"कायदा काढा," मावशी म्हणाली.

त्यांनी खिशातून काढलाच. हलवायचं नाही, झाकायचं नाही, बदलायचं नाही. दोनदा वाचला.

"उभं राहायचं नाही असं आहे का?"

"तसं नाही दिसत."

"मग व्हा बाजूला. तुम्हालाही केक आहे."

मावशीचा झगा फिकट पिवळा, डोक्यावर छोटी हॅट, केस मी पहाटे बसवलेले. दोन डीकनांनी शिडी धरली आणि ती चढली, एका हाताने झगा सावरत, एकदाही न थांबता.

"निदान बूट तरी काढायचे," मागून कॅरोलीबाईंचा आवाज आला. "ग्रॅनाइट आहे ते."

मावशी वळून उभी राहिली, जिथे शिपायाचे पाय होते तिथेच. लोक हसत होते, कुणी फोटो काढत होतं. पाद्री पुस्तक घेऊन खाली उभे. आणि टिलरीकाकांनी शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला, गुडघा थरथरला, आणि पाय परत खाली घेतला. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच.

"मिस लुव्हेनिया," ते ओशाळून म्हणाले, "मी इथे खालीच उभा राहतो. काय फरक पडतो? तुम्ही वर छान दिसताय. मी इथून हो म्हणतो."

"नाही," मावशी म्हणाली.

"गुडघा ऐकत नाही हो."

"टिलरी, मी ही गोष्ट कुणाला सांगितलेली नाही. आज सांगते, कारण तुम्ही नेमके तिथेच उभे आहात." ती जोरात बोलत नव्हती, पण शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जात होतं. "हा पुतळा यायच्या आधी या जागी एक दगड होता. त्याच्यावर माणसांना उभं करून विकायचे. माझ्या आजीच्या आईला, डायसीला, इथे उभं केलं होतं. सतरा वर्षांची होती. तिचा माणूस खाली उभा होता, मालकाची घोडी धरून. लगाम सोडला असता तर त्याची पाठ सोलली असती. त्याने लगाम धरून ठेवला आणि हिला घेऊन गेले. डायसीने आजीला सांगितलं, आजीने मला. ती म्हणायची, त्याने माझ्याकडे बघितलं की नाही ते मला कळलं नाही, माझ्या डोळ्यांवर ऊन होतं. ती म्हातारी होऊन मेली, तरी तेवढंच विचारत होती." मावशीने श्वास घेतला. "त्या शिपायाशी माझं काही भांडण नव्हतं. ज्या जागेवर आणून त्याला उभं केलं, त्याच्याशी होतं. मला ही जागा हवी होती. आणि माझा माणूस खाली उभा राहिलेला मला नकोय. अमोस, वर ये."

टिलरीकाका शिडीकडे बघत होते, शिडी फार उभी होती. तेवढ्यात मागे खुर्ची सरकली. कॅरोलीबाई उठल्या होत्या. मला वाटलं, निघाल्या. त्यांनी आपली खुर्ची उचलली, सगळ्या रांगांच्या मधून आणली आणि चबुतऱ्याला टेकवून ठेवली. बसण्याच्या जागेवर हाताने दाबून ती डगमगत नाही ना ते बघितलं. त्यांचा चेहरा हॅटखाली नीट दिसत नव्हता.

"यावर पाय द्या," त्या काकांना म्हणाल्या, "आणि मग गुडघा वर टेका. कड घट्ट धरा. कड मजबूत आहे."

काकांनी खुर्चीवर पाय दिला. दोन डीकनांनी काखेत हात घातले, मी मागून ढकललं, मावशीने वरून कोटाची बाही धरून ओढलं. गुडघा वर टेकला, टोपी खाली पडली, आणि ते वर पोचले. जागा शिपायाच्या मापाची, एकाची. दोघं अगदी चिकटून उभी राहिली, धापा टाकत.

पाद्रींनी पुस्तक उघडलं आणि घसा खाकरला.

"थोडं थांबा," मावशी म्हणाली. तिने हात वर करून काकांच्या डोळ्यांवर सावली धरली. "त्याला आधी माझ्याकडे नीट बघू दे."